दोन सुतं वाकडा ओळंबा

मित्रांनो, खांब सरळ उभा आहे की तिरका, याचा निवाडा करणं हे माझं काम. मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, भोवऱ्याच्या आकाराचा, खाली निमुळता, आणि दिसतो त्यापेक्षा हाताला जड लागणारा. माझ्या डोक्यातून एक दोरी निघते. ती एका चौकोनी लाकडी ठोकळ्याच्या मधोमध पाडलेल्या भोकातून वर जाते. ठोकळा माझ्याएवढाच रुंद. तो भिंतीला वरच्या अंगाला टेकवायचा आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला हलकेच शिवलो, तर भिंत सरळ. दूर राहिलो किंवा तिच्यावर रेललो, तर भिंतीत खोट. यात लबाडी करायला जागाच नाही, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण मी लबाडी केली. एका नव्या नाट्यगृहाचं छप्पर चढत होतं तेव्हा, निव्वळ मत्सरापोटी. ती गोष्ट आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी खडबडीत होतो. मग लेथवर चढवून मला गुळगुळीत केलं. एका वस्तादाने मला विकत घेतलं आणि आपल्या हाताखालच्या गवंड्याने पहिली भिंत एकट्याने उभी केली त्या दिवशी मला त्याच्या हातावर ठेवलं. तो गवंडी म्हणजेच माझे मिस्त्री. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून शाळा बांधली, दवाखाना बांधला, पाण्याच्या दोन टाक्या आणि वीटभट्टीचं एक उंच धुराडं बांधलं. कुणी वाद घातला की मिस्त्री म्हणत, "माझ्याशी नको बोलूस, माझ्या ओळंब्याशी बोल." की समोरचा गप्प! काम संपलं की ते मला निळ्या चौकडीच्या रुमालात गुंडाळत आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवत. पिशवीतल्या पाणसळीशी माझं कधी फारसं पटलं नाही, पण ती आडवं बघायची आणि मी उभं, त्यामुळे भांडण वाढलं नाही. स्वभाव माझा आधीपासूनच थोडा जळका. लपवून काय उपयोग?

पुढे मिस्त्रींचे गुडघे दुखू लागले. दोन वर्षं ते घरी बसले आणि आमची पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे पडून राहिली. त्या काळात एक छोटीशी गोष्ट घडली. घरातल्या टेबलाचा एक पाय डुगडुगायला लागला. मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे मिस्त्रीणबाईंनी, पिशवीत हात घातला, माझी दोरी सोडून ठोकळा काढला आणि टेबलाच्या पायाखाली घालून पाहिला. जरा जाड झाला. मग त्यांनी सुरी घेतली आणि ठोकळ्याची एक बाजू बेताने तासली. दोन सुतं तासली असेल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टेबल गप्प बसलं. पुढे सुताराने टेबलाला नवा पाय लावला, तेव्हा बाईंनी ठोकळा पुसून परत माझ्या दोरीत ओवला. इतकी पक्की गाठ मला जन्मात कुणी मारली नव्हती. हे सांगायचं मात्र त्या विसरल्या. अशा गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या वाटतात का कुणाला?

आणि मग एक दिवस ठेकेदाराचा निरोप आला. नवं नाट्यगृह बांधायला काढलं होतं. भिंती झाल्या होत्या, आता लोखंडी खांब उभे करून छप्पर चढवायचं होतं. 'मिस्त्री, चढउतार करू नका, नुसते उभे राहून लक्ष द्या,' असा निरोप होता. मिस्त्रींनी त्याच दिवशी दाढी केली. पिशवी झटकली. मला रुमालाने घासून चमकवलं. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

नाट्यगृहाचं काम बघण्यासारखं होतं. हॉलच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस फूट उंच खांबांची रांग. समोरासमोरच्या दोन खांबांवर एक लोखंडी कैची बसायची. कैची म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची मोठी त्रिकोणी चौकट, छपराचा भार तीच उचलते. अशा बारा कैच्या बसवायच्या, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर पत्रे, आणि पत्र्यांखाली बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून जाड अस्तर. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मधे एकही खांब नको होता, कारण प्रेक्षकांना रंगमंच दिसायला हवा. तेव्हा सगळी मदार कडेच्या खांबांवर. ते ओळंब्यात हवेत.

ओळंब्यात! शब्द ऐकून मी पिशवीतल्या पिशवीत ताठ झालो. पण मला कुणी बाहेर काढलंच नाही.

कामावर एक तरुण इंजिनियर बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी एका काळ्या पेटीतून एक पिवळी डबी काढली, तीन पायांच्या घोडीवर बसवली आणि बटण दाबलं. डबीच्या काचेतून एक लाल रेघ निघाली आणि खांबावर पायापासून माथ्यापर्यंत उभी राहिली. ना दोरी, ना ठोकळा, ना वाऱ्याने हलणं. लोकांनी त्या यंत्राला लगेच नाव ठेवलं, लालडोळ्या.

मिस्त्री बघतच राहिले. "आयला," ते म्हणाले, "हे म्हणजे डोळा मिटायच्या आत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय नाहीत, तरी गेली.

तेव्हापासून मी लालडोळ्याला पाण्यात पाहू लागलो. कडक उन्हात त्याची रेघ दिसत नसे. मग मॅडम काळी छत्री उघडून खांबावर सावली धरत. राजावर छत्र धरावं तशी! मी आयुष्यभर उन्हात लोंबलो, माझ्यावर कुणी छत्री धरली? आणि एक दिवस तर कहर झाला. यंत्राच्या काचेवर धूळ बसली होती. मिस्त्रींनी पिशवीत हात घातला, मला उघडं केलं आणि माझ्या निळ्या रुमालाने त्याची काच पुसली. हळुवार, फुंकर मारून. मग रुमाल खिशात ठेवला. मी दिवसभर पिशवीत छिन्नीशेजारी उघडा पडून होतो.

काम भराभर चाललं होतं. पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून मला सगळं दिसायचं. क्रेन कैची उचलायची, आणि वर पोपट नावाचा खलाशी, म्हणजे उंचावर लोखंड जोडणारा कामगार, कमरेला पट्टा बांधून खांबाच्या माथ्यावर तिची वाट बघत बसायचा. चाळिशीचा माणूस, पण सतत बडबड, म्हणून त्याला पोपट म्हणत. कैची खाली आली की तो ओरडायचा, "ये बाई ये, माहेरी आलीस, बस!" आणि कैचीच्या पट्टीतली भोकं खांबावरच्या बोल्टांत अलगद बसायची. एक झाली. दोन झाल्या. सहा झाल्या. प्रत्येक कैचीला खालून टाळ्या पडायच्या आणि प्रत्येक टाळी मला टोचायची. मी मनात म्हणायचो, एक तरी चुकू दे. फक्त एक.

सातवी चुकली.

"बसत नाही!" पोपट वरून ओरडला. "भोकं जुळत नाहीत मॅडम! दोन सुतांचा फरक आहे. खांब बाहेर गेलाय!"

मॅडमनी छत्री धरून लाल रेघ खांबावर पाडली. "खांब सरळ आहे," त्या म्हणाल्या. "कैचीच बनवताना चुकली असेल. खाली उतरवून मोजू या."

ठेकेदार घाईत होता. "सहा बरोबर आणि सातवीच चुकली होय? क्रेन संध्याकाळी दुसऱ्या कामावर जाणार आहे. दोन दिवस यायची नाही. मिस्त्री, तुम्ही काय म्हणता?"

मिस्त्रींचा हात पिशवीत आला. या वेळी माझ्यासाठी! ते मला घेऊन परांचीच्या फळ्यांवरून हळूहळू वर चढले, गुडघे कुरकुरत असताना. त्यांनी ठोकळा खांबाला टेकवला.

मित्रांनो, ठोकळ्याला दोन बाजू होत्या. एक धड आणि एक तासलेली. मिस्त्रींच्या हातून तासलेली बाजू खांबाला लागली. मला ते समजलं. दोरी दोन सुतं खांबाच्या जवळ गेली होती आणि मी खाली पोचल्यावर खांबावर रेलणार होतो, खांब सरळ असो वा नसो. मला तोंड नाही, मी ओरडू शकत नव्हतो, हे खरं. पण त्या सबबीआड मी लपत नाही. तोंड असतं तरी मी ते उघडलं नसतं.

मी खाली उतरलो आणि खांबावर रेललो.

मिस्त्रींनी ठोकळा हळूहळू खांबापासून दूर सरकवला. मी मोकळा झालो तेव्हा त्यांनी वर फट मोजली. "दोन सुतं," ते म्हणाले. "माथा बाहेर गेलाय."

पोपटही दोन सुतं म्हणाला होता आणि मीही दोन सुतं म्हणालो. दोघांची साक्ष जुळली. मॅडम स्वतः खाली वाकून मला बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मला खरंच कळत नाही," त्या पुटपुटल्या. पण खांबाच्या पायाचे बोल्ट ढिले करून, तारेने ओढून, माथा दोन सुतं आत आणला गेला. सातवी कैची बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या या वेळी माझ्यासाठी होत्या.

"जुनं ते सोनं!" ठेकेदार म्हणाला. मॅडमनी लालडोळ्याला पेटीत घातलं, झाकण लावलं आणि पेटी तपासणीला पाठवून दिली. मिस्त्रींनी मला पुन्हा रुमालात गुंडाळलं. दोन दिवस मी राजासारखा राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी खांबांची डोकी एकमेकांना जोडणारी लांब तुळई बसवायची होती. सहाव्या खांबावर ती बसली. सातव्यावर बसेना. अर्थात बसेना, तो खांब आपल्या जागेवरून हलवलेला होता. पोपटने पहार अडकवून तुळई रेटली. "हल की गं बाई, आज काय रुसलीस!" तो म्हणाला आणि अंगाचा भार टाकला. तुळई वाकली, आणि मग उसळून परत आली. पहार उलटी फिरून त्याच्या मनगटावर बसली आणि तो फळीवरून खाली घसरला.

कमरेच्या पट्ट्याने त्याला धरलं. तीस फुटांवर तो लोंबकळत होता, अगदी माझ्यासारखा. बडबडा पोपट, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. फळ्यांवरून सगळ्यांत आधी वर पोचले ते मिस्त्री. गुडघे कुठे गेले होते कुणास ठाऊक. दोघातिघांनी त्याला ओढून घेतलं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

काम बंद पडलं. ठेकेदार मॅडमवर तुटून पडला. "तुमच्या त्या मशीनवर सगळे खांब लावले. आता कुठला बरोबर आणि कुठला चूक, कोण सांगणार? दुसरा इंजिनियर मागवतो मी." मॅडमनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "चार दिवस द्या. मी एकेक खांब पुन्हा तपासते."

मग त्या मिस्त्रींकडे आल्या. मिस्त्री विटांच्या ढिगावर बसले होते, मी त्यांच्या मांडीवर होतो.

"काका," मॅडम म्हणाल्या, "तुमचं आणि माझं दोन्ही बरोबर असू शकत नाही. माझं चुकलं असेल तर मला ते समजून घ्यायचंय. उद्या मला ओळंबा धरायला शिकवाल?"

मला वाटलं होतं, मॅडम माझा राग करतील. त्या तर मला धरायला शिकायला आल्या होत्या. मित्रांनो, त्या क्षणी पहिल्यांदा मला माझं वजन नकोसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी चहा घेता घेता मला बाहेर काढलं. शिकवायचं म्हणजे हत्यार स्वच्छ हवं. मला पुसलं, दोरीची गाठ बघितली आणि सहज म्हणून दाराच्या चौकटीला लावून पाहिलं. मी चौकटीवर रेललो. "ही चौकट तर मीच बसवलीय," ते स्वतःशी म्हणाले. त्यांनी ठोकळा फिरवून दुसऱ्या बाजूने लावला. मी चौकटीला हलकेच शिवून उभा राहिलो. चौकट एकच आणि माझ्या जबान्या दोन!

मिस्त्रींनी ठोकळ्यावरून अंगठा फिरवला. खूप वेळ फिरवत राहिले.

"अगं," त्यांनी हाक मारली, "याला सुरी कुणी लावली?"

मिस्त्रीणबाई हात पुसत आल्या. "अहो, मीच की. त्या टेबलाच्या पायाखाली घातला होता. का हो? काय झालं?" आणि त्यांचा चेहरा बघून त्या खाली बसल्या. त्यांना पोपटची हकीगत माहीत होती. "अगंबाई! म्हणजे माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कसं? तू टेबल बघितलंस. हत्यार बघणं माझं काम होतं. दोन वर्षांनी बाहेर काढलं आणि तपासलं नाही."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "नवा ठोकळा लावा आणि जा. कुणाला काय कळणार आहे?"

मिस्त्रींनी चहाचा कप तसाच सरकवून ठेवला. "त्या पोरीची नोकरी जायची वेळ आलीय," ते म्हणाले. "आधी पोपटकडे जातो. मग कामावर."

पोपट घरी खाटेवर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. मिस्त्रींनी ठोकळा त्याच्या डाव्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, एका दमात, वर न बघता. पोपटने अंगठ्याने तासलेली बाजू चाचपली. "मिस्त्री," तो म्हणाला, "राग येतोय मला. खोटं कशाला सांगू? पण पहार माझ्या हातात होती. बळ लावू नये, हे मलाही कळायला हवं होतं. जा, मॅडमना सांगा. काल इथे येऊन बसल्या होत्या, मान खाली घालून."

नाट्यगृहात मिस्त्रींनी सगळ्यांना बोलावलं. ठेकेदार, क्रेनवाला, वेल्डर, विटा वाहणाऱ्या बायका, सगळे. आणि सगळ्यांसमोर मला पहिल्या खांबाला लावलं. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. मी आधी खोटं बोललो आणि मग खरं, तेही चारचौघांत. एवढी नाचक्की माझी कधी झाली नव्हती.

"मॅडमचं यंत्र बरोबर होतं," मिस्त्री म्हणाले. "चूक माझी आहे. पोपटचा हात माझ्यामुळे मोडला."

ठेकेदाराने डोक्याला हात लावला. "इतक्या वर्षांचा अनुभव तुमचा, मिस्त्री!"

"त्याचाच घोटाळा झाला," मिस्त्री म्हणाले.

मॅडमनी ठोकळा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, आता त्या हसतील. निदान लालडोळ्याची बढाई मारतील. मी असतो तर मारली असती. पण त्या म्हणाल्या, "काका, काम सुरू करण्याआधी मीही यंत्र तपासलं नव्हतं. आज ते तपासणीतून बरोबर ठरून परत आलं, हे माझं नशीब."

सातवी कैची खाली उतरवली. मोजली, तर तिच्या टोकाची पट्टी कारखान्यातच दोन सुतं आत जोडलेली होती. पट्टी कापून पुन्हा जोडली, खांब आपल्या जागी नेला, आणि तुळई पहारीशिवाय बसली. ठेकेदाराने दुसऱ्या इंजिनियरचं नाव पुन्हा काढलं नाही.

सुताराने मला नवा ठोकळा करून दिला. मिस्त्रींनी दोन्ही बाजू मोजल्या, मग मॅडमनी मोजल्या. आणि मॅडमनी नियम केला की यापुढे प्रत्येक खांब दोघांनी बघायचा, आधी यंत्र आणि मग ओळंबा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी खांबाशेजारी लोंबत होतो आणि लाल रेघ माझ्यावरच पडली. माझी दोरी वरपासून खालपर्यंत लाल झाली. रेघ दोरीच्या डावीकडेही नव्हती आणि उजवीकडेही नव्हती. मला हे पटवून घ्यायला जड गेलं, पण डोळ्यांसमोर होतं. तो आणि मी एकच गोष्ट सांगत होतो.

आठवी बसली, दहावी बसली, बारावी बसली. मग पत्रे चढू लागले. हॉलमधलं आकाश रोज थोडं थोडं कमी होत गेलं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून पोपट रोज यायचा आणि खाली खुर्ची टाकून वरच्यांना इतक्या सूचना द्यायचा की शेवटी ठेकेदाराने त्याला चहा आणून दिला, निदान पिताना तरी गप्प बसेल म्हणून. शेवटचा पत्रा बसला तेव्हा हॉलमध्ये एकदम सावली झाली. सगळे वर बघत उभे राहिले. मॅडम रंगमंचाच्या जागी गेल्या आणि त्यांनी एक टाळी वाजवली. ती शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आली.

मित्रांनो, तुमच्या घरात, दप्तरात, कपाटात माझ्यासारखी कितीतरी हत्यारं आणि वस्तू असतील. त्यांना भलत्याच कामाला जुंपू नका. बरेच दिवस पडून राहिलेली वस्तू पुन्हा हातात घ्याल, तेव्हा तिला आधी नीट पारखा. आणि कधी दुसऱ्याची रेघ बघून पोटात दुखायला लागलं, तर त्या दिवशी स्वतःची साक्ष पटकन खरी मानू नका. मी मानली, आणि एका माणसाचं मनगट मोडलं. तो अजूनही थंडीत ते मनगट चोळतो. मला ते दिसतं.

माझा मत्सर गेला का, असं विचाराल तर नाही गेला. परवाच मिस्त्री मॅडमना विचारत होते, "हे यंत्र मला वापरायला जमेल का हो, या वयात?" ऐकून मला बरंच लागलं. पण त्या वेळी मी एका नव्या भिंतीवर होतो, आणि भिंत सरळ होती. मी तिला हलकेच शिवलो आणि सरळ म्हणून सांगितलं.